जावा मोबाइल प्रणालीतून बाह्य प्रोग्राम सुरू करण्याची सोय : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मोबाइल फोनच्या इतिहासाचा विचार बहुधा ग्राहकसंख्या, दर आणि मनोरे यांच्या अंगाने केला जातो. फोनमधील एका प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम सुरू करावा की नाही, हा प्रश्न मात्र केवळ तंत्रज्ञांचा समजला जातो. वस्तुतः या प्रश्नाच्या उत्तरातूनच हातातील यंत्रावर अंतिम अधिकार कोणाचा, हे ठरत आले आहे. जावा फोनच्या काळात या प्रश्नाला कोणते उत्तर मिळाले आणि बीडसारख्या जिल्ह्यातील फोनधारकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीड जिल्ह्याची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार अकरा तालुक्यांच्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती आणि त्यांपैकी सुमारे चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहत होते. पर्जन्यछायेतील हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मुकादमाकडून उचल घेऊन लाखो स्त्री-पुरुष दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. वृद्ध आई-वडील व शाळकरी मुले अनेकदा गावीच राहतात. अशा दुभंगलेल्या कुटुंबात फोनचे पहिले काम आवाज पोहोचविणे हेच असते. म्हणून फोनवरील नव्या प्रोग्रामची उपयुक्तता तो या मूळ कामाशी किती सहज जोडला जातो, यावरही अवलंबून राहते.

जावा प्रणालीची तटबंदी

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर केली. संगणकावरील जावामध्ये बाहेरचा प्रोग्राम थेट चालविण्याची आज्ञा होती. परंतु लहान उपकरणांसाठी जी आवृत्ती सिद्ध झाली, तिच्यातून ही आज्ञा वगळण्यात आली. याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे साधनांची मर्यादा. या उपकरणांत जावासाठी सुमारे १६० ते ५१२ किलोबाइट एवढीच स्मृती गृहीत धरलेली होती. दुसरे कारण सुरक्षिततेचे. कोठून तरी उतरवून घेतलेल्या प्रोग्रामने मालकाला न विचारता फोन लावला किंवा संदेश पाठविला, तर त्याचे पैसे मालकाच्या खात्यातून जाणार होते. म्हणून 'मिडलेट' या नावाने ओळखले जाणारे हे प्रोग्राम एका बंदिस्त आवारातच चालत. सप्टेंबर २००० मधील 'मिडप' मानकाच्या पहिल्या आवृत्तीत त्या आवाराला बाहेर जाण्याचे दारच नव्हते.

'प्लॅटफॉर्मरिक्वेस्ट' : एक मर्यादित दार

नोव्हेंबर २००२ मध्ये निश्चित झालेल्या 'मिडप'च्या दुसऱ्या आवृत्तीने हे दार किंचित उघडले. 'प्लॅटफॉर्मरिक्वेस्ट' या नव्या सोयीने मिडलेट फोनकडे एक पत्ता सोपवू शकत असे. पत्ता दूरध्वनी क्रमांकाचा असेल तर फोन लावण्याची, संकेतस्थळाचा असेल तर ब्राउझर उघडण्याची आणि जावा प्रोग्रामच्या फाइलचा असेल तर तो बसविण्याची विनंती फोनपुढे मांडली जाई. या सोयीच्या नावातच 'विनंती' हा शब्द आहे, हे लक्षणीय होय. मिडलेट मागणी करी, निर्णय फोन घेई, आणि सामान्यतः 'हो' किंवा 'नाही' हे वापरणाऱ्यास विचारले जाई.

दुसरी मर्यादा अधिक जाचक होती. अनेक हँडसेट एका वेळी एकच काम करू शकत. अशा वेळी फोन मिडलेटला कळवी, की तू आधी बंद हो, मग तुझी मागणी पाहू. परिणामी बाहेरचा प्रोग्राम सुरू होई; पण आधीचे काम अर्धवट राही आणि परतीची वाट मिळत नसे. काही कंपन्यांनी आपल्या हँडसेटांपुरते वेगळे मार्ग काढले. परंतु ते अन्य कंपन्यांच्या फोनवर निरुपयोगी ठरत.

महाराष्ट्रातील अनुभव

२००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांच्या प्रारंभिक रकमेत हँडसेट देऊ केला. या कंपनीची 'आर-वर्ल्ड' ही सेवा जावावर आधारलेली होती. पुढे ऑपेरा मिनी हा जावा ब्राउझर लोकप्रिय झाला. ज्या फोनमध्ये देवनागरी अक्षरे नव्हती, तेथेही त्याच्यात अक्षरे चित्ररूपाने दाखविण्याची सोय चालू करून मराठी मजकूर वाचता येत असे. मात्र त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत फाइल उतरवून घेताना फोनचा मूळ ब्राउझर उघडावा लागे.

शेतकऱ्यांसाठीच्या सेवांनी मात्र वेगळा मार्ग निवडला. २००७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा बाजारभाव व हवामान साध्या संदेशाने मराठीत देत असे. २००९ मध्ये देशभर आलेल्या नोकिया लाइफ टूल्सची चाचणीही आधी महाराष्ट्रात झाली; तिची माहितीदेखील एसएमएसद्वारेच पोहोचत असे. साध्यातल्या साध्या फोनवर आणि इंटरनेटशिवाय पोहोचणे हेच या सेवांचे बळ होते. भाव कळला, तरी व्यापाऱ्यास किंवा आप्तास फोन लावण्याचे पुढचे पाऊल वापरणाऱ्यानेच उचलावयाचे होते.

तटबंदीनंतरचा काळ

२००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि या प्रणालीतील 'इंटेंट' या योजनेने चित्र पालटले. प्रोग्रामने केवळ हेतू सांगावा, तो पूर्ण करणारा दुसरा प्रोग्राम प्रणालीने शोधावा आणि काम आटोपल्यावर पहिल्याकडे परत यावे, अशी ही रचना आहे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमध्ये दुकानदाराच्या प्रोग्राममधून पैसे देण्याचा प्रोग्राम उघडतो, तो याच तत्त्वावर.

शेतीच्या संदर्भात याचे मोल मोठे आहे. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास ७२ तासांत पूर्वसूचना देण्याची अट होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबविलेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः पिकाचे छायाचित्र स्थळासह नोंदवावयाचे होते. छायाचित्र, स्थळ आणि नोंद ही तीन कामे एकाच ओघात होणे जावा फोनवर दुष्कर होते.

तथापि दार मोठे झाले, तसा धोकाही वाढला. शासकीय योजनांच्या नावाने पाठविलेल्या बनावट फाइली बसवून घेतल्याने खात्यातील पैसे गेल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. २०२० मधील अकराव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडनेही फोनमध्ये कोणते प्रोग्राम आहेत, हे पाहण्यावर मर्यादा घातली. जुन्या तटबंदीचा काही भाग पुन्हा बांधावा लागला, असे यावरून म्हणता येते.

निष्कर्ष

जावा फोनची मर्यादा ही निव्वळ उणीव नव्हती. ती गैरसोयीची होती, परंतु तिच्यामुळे खर्चाच्या प्रत्येक कृतीपूर्वी माणसाला थांबून विचार करण्याची संधी मिळत असे. नव्या प्रणालीने परतीची वाट दिली आणि कामाचा वेग वाढविला. मात्र संमतीचा क्षण लहान केला. उसाच्या फडावरून गावी पैसे पाठविणाऱ्या कामगाराला सोय आणि संरक्षण या दोन्हींची गरज आहे. म्हणून ग्रामीण भागासाठी प्रोग्राम तयार करताना दुसरा प्रोग्राम उघडण्यापूर्वीचा प्रश्न त्याला समजेल अशा मराठीत विचारला जाणे, ही किमान अपेक्षा ठरते.