गोणीतलं स्फुरद आणि उंदराच्या पेस्टमधला फॉस्फरस: नाव एक, गुण वेगळे

नत्र, स्फुरद, पालाश यातलं स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. उंदीर मारायच्या काही पेस्टच्या ट्यूबवरही 'पिवळा फॉस्फरस 3 टक्के' असं छापलेलं असतं. मग खतातलीच वस्तू, तिला काय भ्यायचं, असं काहींना वाटतं. तसं अजिबात नाही.

डीएपीत फॉस्फरस सुटा नसतो, ऑक्सिजनशी बांधलेला असतो. 18:46 मधला 46 हा आकडाही ऑक्साइडच्या हिशेबाचा. नुसता फॉस्फरस मोजला तर 50 किलोच्या गोणीत साधारण 10 किलोच भरतो.

सुटा फॉस्फरस निसर्गात मिळत नाही. 1669 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रांट नावाचा माणूस सोन्याच्या नादात लघवी आटवत बसला होता, तेव्हा अंधारात चमकणारा हा पदार्थ त्याच्या हाती लागला. आता तो कारखान्यात काढतात. फॉस्फेटचा खडक, वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत 1500 अंशांच्या आसपास तापवतात. वाळू खडकातला चुना धरते, कोक ऑक्सिजन ओढून घेतो आणि फॉस्फरसची वाफ सुटते. ती गार करून पाण्याखाली गोळा करतात. एका टनाला 13-14 हजार युनिट वीज जाते. एवढ्यात 5 एचपीची मोटर रोज 8 तास वर्षभर चालेल! चीन, व्हिएतनाम, कझाकस्तान इथे हे कारखाने आहेत.

भट्टीतून निघतो तो पांढरा फॉस्फरस, यालाच पिवळाही म्हणतात. मेणासारखा मऊ, लसणासारखा वास. 44 अंशांना वितळतो आणि उघड्या हवेत 30-35 अंशांनाच पेट घेतो, म्हणून पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. हवा न लागू देता बराच वेळ तापवला की त्याचाच लाल फॉस्फरस होतो. तो आपोआप पेटत नाही, तेवढा विषारीही नाही. काडेपेटीच्या कडेच्या पट्टीत असतो तो हाच. पूर्वी काड्यांच्या गुलात पांढरा वापरायचे, त्यात कामगारांच्या जबड्याची हाडं सडायची. आपल्या देशात 1913 च्या कायद्याने त्या काड्या बंद झाल्या.

पेस्टमध्ये मात्र तोच पिवळा आहे. लेकराच्या तोंडात गेला तर सुरुवातीला उलट्या, पोटदुखी होते. मग एक-दोन दिवस बरं वाटतं, आणि इथेच घरचे फसतात. आतून यकृत खराब होत असतं. तिसऱ्या दिवसानंतर कावीळ दिसते, तोवर उशीर झालेला असतो. यावर खास असा उतारा नाही. दूध, तूप, तेल पाजू नका, कारण हा पाण्यात विरघळत नाही पण स्निग्धात विरघळतो आणि अंगात जास्त भिनतो. 108 ला फोन करा, ट्यूब सोबत न्या आणि बरं वाटतंय म्हणून दवाखान्यातून लवकर घरी आणू नका.