गोखले, कमलाबाई

मराठी रंगभूमीवरील नटी आणि भारतीय मूकपटाची पहिली नायिका. जन्म १९००. माहेरचे आडनाव कामत. आईवडील विभक्त झाल्यावर आई दुर्गाबाई कामत यांनी पोटासाठी नाटक कंपनीची वाट धरली. नटी होणे म्हणजे समाजातून उठणे, असा तो काळ. कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरतच कमलाबाई वाढल्या आणि अगदी लहानपणी रंगमंचावर आल्या.

दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटासाठी एकही स्त्री मिळाली नव्हती. तारामतीचे काम अण्णा साळुंके या तरुणाने केले. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी. पहिली नटी कोण, हा वाद त्यामुळे मायलेकींमधलाच आहे: वयाचा मान आईकडे जातो, मध्यवर्ती भूमिका लेकीकडे. पुरुषाला लुगडे नेसवण्याची सोय सोडून पडद्यावर खरी स्त्री आली, ती स्त्रीरूप घेतलेल्या विष्णूच्या भूमिकेत, ही गंमत सहसा कोणी नोंदवत नाही. रंगभूमीवर तेव्हा स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचा अंमल होता. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीची स्थापनाही १९१३ चीच. पडद्यावरही पुरुषाऐवजी स्त्री येण्याचा हा बदल एका झटक्यात झाला नाही. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते.

मोहिनीच्या भूमिकेने कमलाबाईंचे बिऱ्हाड सिनेमात हलले नाही. त्या नाटकातच राहिल्या. चित्ताकर्षक नाटक कंपनीतील रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. मोहिनीचे चक्र असे उलटेही फिरले. ऐन पंचविशीत वैधव्य आले आणि मुलांचा सांभाळ त्यांनी अभिनयाच्या कमाईवरच केला. त्यांपैकी चंद्रकांत गोखले नट म्हणून गाजले, तर लालजी आणि सूर्यकांत यांनी तबला हाती घेतला. विक्रम गोखले हे चंद्रकांत यांचे पुत्र.

बोलपटांतही कमलाबाईंनी कामे केली. ‘गहराई’ (१९८०) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. त्यांनी नव्वदी गाठल्यावर रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. मूकपटात आवाज नसलेली ही नटी तिथे स्वतःच्या तोंडाने आपली हकिकत सांगते.