रुमालाचा हुकूम

1786 साली न्यू ऑर्लिन्सवर स्पेनचा अंमल होता. गव्हर्नर एस्तेबान मिरो याने जाहीरनामा काढला: काळ्या आणि मिश्रवंशीय बायकांनी केसांत पिसे, दागिने खोवायचे नाहीत, डोके रुमालाने झाकायचे. गुलाम बायका कामावर जाताना फडके बांधतच. रोख होता तो स्वतंत्र बायकांवर. स्पॅनिश कायद्यात गुलामाला पैसे भरून स्वतःची सुटका करून घेता येई, त्यामुळे अशा बायका शहरात वाढल्या होत्या. कुणी शिवणकाम करी, कुणी बाजारात बसे, काहींच्या नावावर घरेही होती. त्यांचे नटणे गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागले.

त्या रुमालाला तिथे ‘तिन्यों’ म्हणतात. केस झाकले की बाई गुलामांच्या रांगेत जाऊन बसेल, हा सरकारी हिशेब. बायकांनी हुकूम तंतोतंत पाळला! रुमाल बांधला, पण भडक रंगाचा, पीळ देऊन उंच चढवलेला. कुणी त्यावरच दागिने टाचले. याला बंड म्हणायची हल्ली पद्धत आहे. मला त्यात हजरजबाबीपणा जास्त दिसतो, कारण हुकूम काही त्यामुळे मागे घेतला गेला नाही. वंशाशी निगडित केसांच्या ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत कुणाला अडवू नये, असा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने केला, तो थेट 2019 मध्ये.

यातले बरेच रुमाल आपल्याकडून गेलेले. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या हातमागांवर विणलेले चौकड्याचे सुती कापड ‘मद्रास’ नावानेच तिकडे खपे. युरोपीय व्यापारी आपल्याकडचे कापड पश्चिम आफ्रिकेत नेत आणि त्याच्या मोबदल्यात माणसे विकत घेत. त्या माणसांच्या लेकी-नातींच्या डोक्यावर पुढे हेच चौकडे आले. आपल्या विणकरांना याची गंधवार्ताही नसावी.

कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर तर मद्रासचे वेगळेच कौतुक. चौकटींतला पिवळा रंग आणखी उठून दिसावा म्हणून तो कुंचल्याने हाताने भरत. मग घड्या घालून रुमाल असा बांधायचा, की वर टोके उभी राहतील. त्या टोकांवरून बाईचे मन कळे, असे तिथे सांगतात. एक टोक म्हणजे मन मोकळे आहे. दोन म्हणजे कुणात तरी गुंतले आहे. तीन म्हणजे लग्न झाले आहे. आणि चार म्हणजे लग्न झाले आहे, तरी विचारून पाहायला हरकत नाही.