इंटरनेटचा ब्रेक कुठे गेला?

झोप लागत नाही म्हणून कोणी आलं, की मी एक प्रश्न विचारतो : रोज इंटरनेटवर किती वेळ जातो? बहुतेकांना सांगता येत नाही. पूर्वी मात्र हा हिशोब घरातल्या प्रत्येकाला पाठ असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते टेलिफोनच्या तारेवरून चाले. तेवढा वेळ घरचा फोन अडकून राही आणि बिल वाढे, म्हणून घरचेच ‘पुरे आता’ म्हणत. पुढे सायबर कॅफे आले, तिथेही तासाप्रमाणे पैसे. तेव्हा पंचविशीत असलेले आज पन्नाशी ओलांडून बसलेत. मीही त्यांतलाच.

गंमत म्हणजे त्याच १९९५ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी ‘इंटरनेटचं व्यसन’ हा आजार थट्टेने लिहून काढला होता. पण थट्टा मागे पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून ‘गेमिंगचा विकार’ अधिकृतपणे आहे. नुसता इंटरनेटचा वापर मात्र त्यात आजार मानलेला नाही, हेही लक्षात ठेवा.

दरम्यान ब्रेक एकेक करून निघाले. स्क्रीनवरचं पान संपेनासं झालं. बोट सरकवलं की पुढचं हजर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ‘पुरे’ म्हणणारं बिलही गेलं.

याचा परिणाम वयाप्रमाणे वेगळा दिसतो. विशीतल्यांनी ब्रेक कधी पाहिलाच नाही. त्यांची रात्र दोन वाजता संपते. चाळिशीतल्यांचं ऑफिस खिशातून घरी येतं. सत्तरीतल्या आजी-आजोबांना परदेशातला नातू व्हिडिओ कॉलवर दिसतो, हा मोठाच आधार आहे. पण आलेला एखादा मेसेज वाचून बीपीची गोळी परस्पर बंद करणारेही याच वयात भेटतात.

तेव्हा आता ब्रेक आपणच बसवायचा. आठवडाभर फोनमधला ‘स्क्रीन टाइम’ रोज वहीत लिहा. झोपण्याआधी तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उठण्यासाठी गजराचं घड्याळ वापरा. आणि मेसेज कितीही पटला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

पुढच्या भेटीला ती वही जरूर आणा. माझीही दाखवीन.