महाबळेश्वरची वाट कोणीं घातली?

युरोपांतील कित्येक पर्वतस्थानें हिंवाळ्यांत बर्फावरून घसरण्याच्या खेळांनीं गजबजतात आणि उन्हाळ्यांत पायीं हिंडणाऱ्यांच्या स्वाधीन होतात. आमच्या महाबळेश्वरास बर्फ ठाऊक नाहीं. तेथें अडथळा पावसाचा. वर्षाकाळीं दोनशें इंचांहून अधिक पाणी कोसळतें. म्हणून चैत्र-वैशाख हाच हिंडण्याचा खरा हंगाम ठरला. इंग्रजी अमदानींत मुंबईचें सरकारहि उन्हाळ्यांत तेथें मुक्कामास जात असे.

पण तेथें जाऊन आपण पाहतों काय? लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, विल्सन पॉइंट! कडा सह्याद्रीचा, नांव साहेबाचें. १८२४ सालीं लॉडविक वर चढेपर्यंत ह्या डोंगरास मनुष्याचा पायच लागला नव्हता, असा एखाद्याचा ग्रह व्हावा. लॉडविक हा तेथें पोहोंचलेला पहिला युरोपियन, इतकेंच खरें. क्षेत्र महाबळेश्वरीं कृष्णेच्या उगमाशीं यात्रेकरू त्याच्या कितीतरी आधींपासून येत होते. शिवछत्रपतींनीं मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला १६६५ सालीं केली ती येथेंच; आणि समोरच्या प्रतापगडाखालीं १६५९ सालीं काय घडलें तें घरांतलें मूलहि सांगेल. सुमारें ४,७०० फूट उंचीच्या विल्सन पॉइंटास सिंदोळा हें देशी नांव होतें. गव्हर्नर माल्कम यांच्या कन्येचें नांव ज्याला मिळालें, त्या केट्स पॉइंटास लोक नाके खिंड म्हणत.

आतां रस्त्याकडे वळूं, कारण रस्त्यावांचून थंड हवेचें ठिकाण व्हावयाचें कसें? १८२६ च्या सुमारास साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं साताऱ्याहून वर उत्तम गाडीरस्ता बांधविला. १८२८ सालीं माल्कम यांनीं आजारी गोऱ्या शिपायांसाठीं तेथें रुग्णालय काढलें, हवा मानवली. लगेच १८२९ त करार होऊन महाराजांनीं तो प्रदेश इंग्रजांस दिला व मोबदल्यांत वाईकडील खंडाळा हें गांव घेतलें. नवी वस्ती झाली, तिचें नांव माल्कम पेठ!

पुढें दहाच वर्षांनीं, १८३९ सालीं, त्याच इंग्रजांनीं कटाचा आरोप ठेवून महाराजांस गादीवरून काढलें आणि काशीस पाठविलें. ज्यांनीं थंड हवेचा डोंगर दिला, त्यांना काशीचा उन्हाळा सोसावा लागला. १८४७ त तेथेंच त्यांचा अंत झाला. दुसऱ्याच वर्षीं राज्यहि खालसा झालें. आपण ज्यांत होड्या फिरवितों तो वेण्णा तलाव त्यांचे धाकटे बंधु आणि गादीवरील उत्तराधिकारी अप्पासाहेब यांनीं १८४२ त बांधविला, हेंहि थोड्यांसच ठाऊक असतें.

आणखी एका मंडळीविषयीं बोललेंच पाहिजे. माल्कम पेठेंत चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तो १८६४ त बंद झाला. समुद्रापलीकडून आणलेल्या ह्या माणसांनीं तेथील रस्त्यांवर खपावें, बटाटे व विलायती भाज्या पिकवाव्या, वेताच्या टोपल्या विणाव्या. आज सपाट, सावलीच्या वाटेनें आपण बोलत-बोलत कड्यापर्यंत जातों. त्या कड्यावर लॉडविकचा स्तंभ उभा आहे. त्याच्या मुलानें तो उभारविला. प्रसिद्ध टोंकांच्या यादींत मात्र त्या कैद्यांपैकीं एकाचेंहि नांव सांपडत नाहीं.