केंब्रिजचा मेघ आणि कावेरीकाठ

कुंभकोणम् येथे वाढलेले श्रीनिवास रामानुजन १९१४ साली ज्या केंब्रिजला गेले, तेथेच पुढे फ्रेड हॉईल (१९१५–२००१) हे खगोलशास्त्रज्ञ कादंबरीकारही झाले. त्यांची पहिली कादंबरी ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ साली प्रसिद्ध झाली. सूर्याला झाकोळून टाकणारा वायुमेघ हा विचार करणारा जीव निघतो, असे तिचे कथानक. कल्पना अद्भुत खरी. परंतु तिच्यामागील गणित आणि शास्त्रज्ञांचे वादविवाद अस्सल आहेत. शास्त्रीय निबंधात जिला थारा मिळणे कठीण, ती शक्यता हॉईल यांनी कथेच्या हाती सोपविली.

त्याच १९५७ साली जयंत नारळीकर केंब्रिजला गेले आणि पुढे हॉईल यांचे शिष्य झाले. १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विज्ञानकथा लिहिताना मात्र शिष्याने मराठी जवळ केली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, हा हेतू. पारितोषिक कथेने स्वबळावर मिळविले.

शास्त्राला कथेचे रूप देण्याची ही रीत कावेरीकाठाला अपरिचित नाही. कुंभकोणम्‌शेजारच्या तंजावरी दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (राज्यकाळ १७९८–१८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या मुखी जगाचा भूगोल घातला. परमुलखात भाषा केवळ देवघराच्या आधाराने फार काळ तग धरीत नाही. नवे ज्ञान तिच्यातून सांगावेसे वाटले पाहिजे. सरफोजींना आणि नारळीकरांना तसे वाटले, हे आपण विसरू नये.