काळीकाठच्या पाऊलवाटा आणि जोयड्याची स्मृती

जोयडा तालुक्यातील डिग्गी गावाजवळ उगम पावून काळी नदी सुमारे १८४ किलोमीटरचा प्रवास करते आणि कारवारजवळ सदाशिवगडाच्या पायथ्याशी अरबी समुद्रास मिळते. आज या नदीच्या काठचे वन व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखले जाते. पर्यटक येतात, धनेश पक्षी पाहतात, काळ्या बिबट्याच्या कथा ऐकतात आणि 'अस्पर्श निसर्ग' पाहिल्याचे समाधान घेऊन परततात. मात्र हे अरण्य अस्पर्श कधीच नव्हते. त्यात माणसे नांदली, आणि त्यांतील काही आपलेच पूर्वज होते.

१८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. साग आणि अन्य इमारती लाकूड यांमुळे सरकारचे लक्ष या वनांकडे प्रथमपासूनच होते. डोंगरउतारावरील जंगल तोडून, जाळून केली जाणारी कुमरी शेती निर्बंधांखाली आली. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची चौकट अधिक घट्ट केली. परंपरेने चालत आलेले हक्क हळूहळू सवलती ठरले, आणि सवलत काढून घेता येते हे रहिवाशांना अनुभवाने कळले.

त्यानंतरच्या इतिहासात दोन वर्षे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहेत. १९५६ साली दांडेली अभयारण्य घोषित झाले आणि त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेनुसार हा जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९८७ साली गणेशगुडी येथील १०१ मीटर उंचीचे सुपा धरण पूर्ण झाले आणि त्याच वर्षी अणशी राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली. एका बाजूस नदी अडविली गेली, तर दुसऱ्या बाजूस तिच्या खोऱ्यातील वन संरक्षित झाले. दोन्ही निर्णयांमागे सार्वजनिक हिताची कारणे होती, परंतु दोहोंचा भार प्रामुख्याने एकाच प्रदेशातील लोकांवर पडला.

काळी आणि पांढरी या नद्यांच्या परिसरातील जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, अनेक विस्थापित कुटुंबे रामनगर येथे वसली, आणि तालुक्याचे जुने नाव लोकांच्या बोलण्यात व धरणाच्या नावात तेवढे उरले. पुढे २००७ साली अभयारण्य व उद्यान मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्यास काळीचे नाव मिळाले.

या भूमीत आज पायी फिरणे म्हणजे नेमके काय? गुंद गावाच्या बाजूस कानेरी नदीकाठी सुमारे तीनशे फूट उंचीचा सिंथेरीचा अखंड कडा आहे. त्याच्या तळाशी जाण्यास पायऱ्या बांधल्या आहेत. कड्यावरची मधाची पोळी आणि खाली खडकात पाण्याने कोरलेल्या पोकळ्या पाहण्यासारख्या आहेत. तरुणास ही उतरण कठीण नाही, परंतु गुडघेदुखीने बेजार झालेल्या वृद्धास ती बहुधा दुरूनच पाहावी लागते. उलट, दांडेलीच्या लाकूडवखारीच्या आवारातील निसर्गवाट सपाट आहे. तेथे झाडाखाली थांबत थांबत धनेश पाहता येतात.

हा भेद केवळ सोयीचा नाही. सुपे बुडण्यापूर्वीचे जीवन ज्यांना आठवते, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. काठी टेकीत चालता येईल अशी सपाट वाट, बसावयास कट्टा आणि वाचता येईल असा मराठी, कन्नड व कोकणी फलक एवढे असले, तर त्यांच्या स्मरणातील विहिरी, देवस्थाने आणि वाटा नोंदविता येतील.

या नोंदींना व्यावहारिक मोलही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातींव्यतिरिक्त इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्यासाठी ग्राह्य पुराव्यांत गॅझेटियर, जनगणना, घरे, विहिरी, स्मशाने व पवित्र स्थाने यांचा समावेश आहे. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही त्यात येते. १८८३ साली प्रसिद्ध झालेला मुंबई गॅझेटियरचा कानडा जिल्ह्यावरील खंड ग्रंथालयात मिळेल, पण आजोबांनी दाखविलेली विहीर कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

तालुक्यातील कुणबी समाजाने कंदमुळांची लागवड आणि रानाचे ज्ञान आजवर जपले आहे. या बाबतीत आपण त्यांचे अनुकरण करावे. वाघ, धनेश आणि नदी यांचे संरक्षण व्हावयासच हवे. त्यास विरोध करण्याचे कारण नाही. मात्र संरक्षित वनाच्या इतिहासातून तेथील माणसे वगळली जाऊ नयेत. पुढच्या वेळी काळीकाठी जाणाऱ्या कुटुंबाने घरातील वृद्धांस सोबत न्यावे, आणि दुर्बिणीबरोबर एक वही व लेखणीही घ्यावी.